असू दे संस्थेला

१२ जानेवारी

नोकरी संपली की रोज काहीतरी लिहायचं असं ठरवलं होतं. वर्ष झालं, या वहीत फक्त दूधवाल्याचे खाडे लिहिले गेले. आज लिहिण्यासारखं घडलं. मला काम लागलं, बिनपगारी.

सकाळी ताईचा फोन. "छोटे, आमचे औषधवाले खजिनदारकी सोडतायत. तू ये." मी एकसष्ट वर्षांची आहे, विमा कंपनीच्या हिशोब खात्यात जन्म गेला, हाताखाली अकरा माणसं होती, पण ताईपुढे मी छोटीच. म्हटलं, विचार करून सांगते. तर म्हणे, "इथे येऊन विचार कर. चहा ठेवलाय."

गेले. संस्था म्हणजे जुन्या छापखान्याचा तळमजला. पुढे टेबल, दोन कपाटं, आणि बसलं की कुरकुरणारं बाकडं. मागे गोदाम, तिथे आजाऱ्यांसाठी लागणारं सामान: डोकं-पाय वर-खाली होणाऱ्या कॉट, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, हवेच्या गाद्या, खिळ्यांना उंचीप्रमाणे टांगलेल्या कुबड्या. सगळीकडे फिनेलचा वास. बाजूच्या खोलीत स्वयंपाकघर. संस्थेची कामंही दोनच. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांना डिपॉझिट घेऊन सामान वापरायला द्यायचं, भाडं नाही, सामान परत आलं की डिपॉझिट परत. आणि एकट्या राहणाऱ्या, हातपाय थकलेल्या एकतीस माणसांना रोज एक डबा. स्वयंपाक काकू करतात. डबे पोचवतात ते सायकलकाका, पोस्टातून निवृत्त झालेले, त्यामुळे शहरातला प्रत्येक जिना त्यांच्या पायाखालचा.

संस्थेची सुरुवात आमच्या आईच्या कॉटपासून झाली. आई गेल्यावर ती हिरवी कॉट ताईने शेजारच्यांना वापरायला दिली, मग त्यांच्या पुढच्यांना. ती कॉट अजून गोदामात आहे. मी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही.

ताई टेबलाशी चाकाच्या खुर्चीत बसून कागद चाळत होती.

"हे काय?"

"चाकं तपासतेय."

"बसून?"

"बसल्याशिवाय कसं कळणार?"

म्हणजे इथला सगळा कारभार असाच चालत असणार. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "ताईंनी आत्ताच बोलावलं म्हणजे काही कारण असेल." कारण काय असणार, फुकट हिशोबनीस मिळाली!

१९ जानेवारी

आज मान खाली घालायची वेळ आली. एक टॅक्सीवाला बायकोचा वॉकर परत करायला आला. बायको चार महिन्यांनी स्वतःच्या पायांवर उभी राहिली होती. वॉकर असा पुसून आणला होता की नवा वाटावा, बुडाची रबरंसुद्धा बदललेली. मोठ्या आनंदाने म्हणाला, "मॅडम, डिपॉझिट मिळेल ना? गाडीचे टायर घ्यायचेत."

मी पेटी उघडली. आत सुट्टी नाणी आणि एक रबरबँड. काकूंनी सकाळीच गॅस आणि धान्य आणलं होतं.

ताई म्हणाली, "दादा, गुरुवारी याल?" त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "ताई, तेव्हा तर लगेच घेतलं होतं तुम्ही." खरंच होतं. शेवटी ताईने स्वतःच्या पर्समधून पैसे काढून दिले. त्याने ते मोजलेही नाहीत. स्वतःचेच पैसे न्यायला आलेला माणूस भीक मागून निघाल्यासारखा गेला.

२१ जानेवारी

ताईला समोर बसवून विचारलं. (बसवावं लागलं नाही, ती हल्ली बसलेलीच असते.) सगळं ऐकल्यावर डोकंच फिरलं.

यांचं असं आहे. डिपॉझिट आणि देणगी एकाच पेटीत. आजारी माणूस बरं झालं की घरचे सामान परत आणतात आणि डिपॉझिट घेऊन जातात. माणूस गेलं तर कोणीतरी जावई नाहीतर भाचा येतो, कॉट उतरवतो, आणि डिपॉझिटचं विचारलं की मान हलवून म्हणतो, "असू दे संस्थेला." बहुतेक सगळे असंच म्हणतात. त्या पैशावर डबे चालतात. आणि ज्यांचं अजून ठरायचंय, त्यांचेही पैसे आधीच शिजवून झालेले असतात.

"म्हणजे लोक बरे झाले की आपलं दिवाळं?"

"इतक्या वर्षांत निघालं नाही."

"उद्या सगळेच बरे झाले तर?"

ताई हसली. "तुझ्या तोंडात साखर पडो. झाले तर मी स्वतः पायी जाऊन पेढे वाटीन."

हसण्यावारी नेणं ही तिची जुनी खोड. आईच्या आजारपणातही ती अशीच विनोद करायची आणि मी औषधांच्या वेळा सांभाळायची.

३० जानेवारी

आज समितीची बैठक. दरवेळी ती हाडांच्या डॉक्टरांकडे, त्यांच्या दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये होते. ताईने ऐनवेळी हट्ट धरला, बैठक संस्थेतच घ्या. का, तर जिना चढायचा कंटाळा! डॉक्टर, वकीलबाई, औषधवाले, सगळी बिझी माणसं तिच्यासाठी इकडे आली आणि कुरकुरत्या बाकड्यावर दाटीवाटीने बसली. मला लाज वाटली.

मी ठराव मांडला. डिपॉझिटसाठी बँकेत वेगळं खातं. त्याला हात लावायचा नाही, कोणी कितीही भुकेलं असलं तरी. आणि सामान देताना पेशंटचं नाव, पत्ता, पूर्ण डिपॉझिट. सूट कोणालाही नाही, समितीतल्यांनाही नाही. वकीलबाईंनी लगेच पाठिंबा दिला. म्हणाल्या, हे आधीच व्हायला हवं होतं, नाहीतर एक दिवस आपण सगळे कोर्टात उभे असतो.

मला वाटलं होतं ताई भांडेल. ती एवढंच म्हणाली, "डब्यांचं काय?" मी म्हटलं, देणगी मिळेल तेवढेच डबे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला, बाजूने.

भांडली असती तर बरं झालं असतं. तयारी करून गेले होते.

९ फेब्रुवारी

आजपासून डबा एक दिवसाआड. यादी कमी करून पाहिली, पण एकही नाव खोडता येईना, म्हणून दिवस खोडले. सायकलकाका प्रत्येक दारी जाऊन सांगून आले. कोणी काही बोललं नाही म्हणे. घड्याळवाल्या आजोबांनी तेवढं विचारलं, "मग मधल्या दिवशी काय वार असतो?"

हे आजोबा तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. आता बोटं थरथरतात आणि गुडघे धरलेत, आपल्याच वॉकरवर घरातल्या घरात फिरतात. काका त्यांचा निरोप सांगताना हसले, मीही हसले. काकू हसल्या नाहीत. आज दिवसभर त्या भांडी जरा जास्तच आपटत होत्या.

१७ फेब्रुवारी

कुठेतरी पाणी मुरतंय.

दुपारी संस्थेत गेले तर ताई आणि हाडांचे डॉक्टर दार लोटून बोलत होते. मी आत शिरताच दोघं गप्प. डॉक्टर उगीचच म्हणाले, "हं, मग पाहू, फार उशीर नको." कशाला उशीर नको? टेबलावर एक मोठं पाकीट होतं, ते ताईने हळूच कागदांखाली सरकवलं. मी काय कुकुलं बाळ आहे? ठराव फिरवायचा बेत असणार. समोर हात वर करायचा आणि मागून डॉक्टरांना हाताशी धरायचं.

वर आणि ताईने गोदामाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. "तुझ्याकडेच असू दे. माझ्याकडून हल्ली गोष्टी पडतात." आणि काकूंना चेकवर सही करायला शिकवायचं चाललंय. म्हणजे माझ्या सहीला पर्याय!

ह्यांना सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "ताई परवा आल्या होत्या तेव्हा भिंतीला धरून चालत होत्या का गं?" मी म्हटलं, विषय काय, तुम्ही बोलताय काय.

२३ फेब्रुवारी

घड्याळवाले आजोबा दवाखान्यात. डब्यातलं अर्धं ते मधल्या दिवसासाठी ठेवायचे. घरात फ्रीज नाही. परवाचं कालवण उतरलेलं होतं, नाकाला वास येत नाही त्यांच्या, खाल्लं. काका आज डबा घेऊन गेले तर दार आतून बंद. शेजाऱ्यांना बोलावून फोडलं. जुलाब-उलट्यांनी अगदी कोरडे पडले होते.

ताई मला म्हणाली, "तुझे पैसे बँकेत ताजे राहतात छोटे, अन्न राहत नाही." काकूंच्या देखत, काकांच्या देखत.

मलाही मग राहवलं नाही. म्हटलं, "निदान मी मेलेल्या माणसांच्या जिवावर जेवणावळी घालत नाही. तू तर लोक कधी मरतायत याची वाटच बघत असतेस."

ताई टेबलाची कड धरून उठली, दारापर्यंत गेली, चौकटीला टेकून थांबली. वाटलं, मागे वळून काहीतरी लागट बोलेल. ती तशीच थांबली आणि मग गेली. एवढं नाटकी थांबायची काय गरज होती?

मी बोलले ते चुकीचं होतं का? हिशोबाने नाही. पण बोलायला नको होतं. काकूंनी मला चहा विचारला नाही.

२४ फेब्रुवारी

दवाखान्यात जाऊन आले. आजोबांच्या हाताला सलाईन. मला ओळखलं नाही, मी कधी भेटलेच नव्हते. "डबा आणलात?" म्हणाले. नर्स म्हणाली, अजून तोंडाने काही द्यायचं नाही.

२६ फेब्रुवारी

सायकलकाका एका पेशंटसाठी सामान मागायला आले. कॉट, हवेची गादी आणि चाकाची खुर्ची.

"पेशंटचं नाव?"

"नाव नंतर सांगतो बाई."

"नंतर नाही. नाव नाही तर सामान नाही. डिपॉझिटही पूर्ण."

काका टोपी हातात घेऊन जरा वेळ उभे राहिले. गेले आणि तासाभराने आले, पूर्ण पैसे घेऊन, आणि स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता सांगितला. घरात कोण आजारी आहे विचारलं तर म्हणाले, "आहे एक घरचं माणूस." त्यांची बायको, काकी असणार. मी विचारपूस करायला हवी होती, पण त्या दिवसानंतर काका माझ्याशी मोजकंच बोलतात.

कॉट निवडताना मात्र अडून बसले. मी नवी, चांगली देत होते. त्यांना ती हिरवीच हवी. म्हटलं, हिचा दांडा जाम आहे, दोन हातांनी फिरवावा लागतो. "फिरवू की. सांगून पाठवलंय, हिरवीच." आईची कॉट हातगाडीवर चढली. पावती मी स्वतः फाडली. नियम म्हणजे नियम, त्याचं समाधान वाटलं.

२ मार्च

ताई चार दिवस संस्थेत नाही. फोन उचलत नाही. शेवटी निरोप आला: "मैत्रिणीकडे आलेय. जरा हवापालट. तू आहेस, मला काळजी नाही."

कोण मैत्रीण, काही पत्ता नाही. रुसून बसायचं आणि वर मोठेपणा. करा हवापालट! इथे मी दिवसाआडच्या एकतीस डब्यांशी झुंजतेय.

८ मार्च

घड्याळवाले आजोबा गेले. दवाखान्यातून घरी आणलं होतं, काकू रोज पेज नेऊन देत होत्या, सुधारतायत असं वाटत होतं. सकाळी झोपेतच गेले.

त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांना मी विचारलं, त्या अन्नामुळे का? म्हणाले, नाही हो, वय झालं होतं, हृदय थकलं होतं. जिन्यापर्यंत गेले आणि परत येऊन पुन्हा विचारलं. त्यांनी तेच उत्तर दिलं, पण या वेळी माझ्याकडे न बघता. की मलाच तसं वाटलं?

दुसऱ्या कोणाशी बोलणार, ताईला फोन लावला. उचलला नाही.

११ मार्च

आजोबांची पुतणी वॉकर परत घेऊन आली. मी डिपॉझिट काढून पुढे ठेवलं, वेगळ्या खात्यातलं, पैन् पै. इतके दिवस याच क्षणासाठी भांडले होते. तिने मान हलवली. "असू दे संस्थेला."

मी म्हटलं, "नाही, घ्या. तुमचा हक्क आहे."

"मी काय करू घेऊन? शेवटपर्यंत काका तुमच्या डब्याबद्दल बोलायचे. कोणाला तरी जेवू घाला."

पैसे टेबलावर तसेच. मी ते तिच्याकडे सरकवले, तिने माझ्याकडे सरकवले. शेवटी मी देणगीची पावती फाडली. अक्षर वाकडं आलं. ती गेल्यावर पैसे डब्याच्या पेटीत टाकले आणि काकूंना सांगितलं, उद्याही स्वयंपाक करा. जितके दिवस पुरतील तितके दिवस.

ताईला मी काय बोलले होते ते आठवलं. वाट बघत असतेस, म्हटलं होतं. ती वाट बघत नव्हती. दारात येऊन उभं राहिलेलं माणूस तिने कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही, देणाऱ्यालाही नाही. हे मला आत्ता या टेबलाशी बसल्यावर कळतंय.

पण टॅक्सीवाल्याचं उतरलेलं तोंडही खरंच होतं. ते मी विसरणार नाही.

१६ मार्च

बरे झालेले लोक! हे आधी सुचायला हवं होतं. ज्यांचं माणूस गेलं ते देऊन जातात, आणि जे बरे झाले त्यांना आपण कधी काही विचारतच नाही. डिपॉझिट देऊन दार लावून घेतो.

पहिला फोन टॅक्सीवाल्याला. घाबरत घाबरत. तो म्हणाला, "त्या दिवशी राग आला होता मॅडम, खोटं नाही बोलत." मग म्हणाला, "पण चार महिने बायको तुमच्या वॉकरवर चालली. एका माणसाचा डबा माझा, दर महिन्याला. आणि मंगळवारी गाडी मोकळी असते, डबे पोचवीन." आज आणखी नऊ जणांना लावले. तिघं हो म्हणाले, दोघं बघतो म्हणाले, एकाने फोन आपटला, बाकीच्यांनी उचलला नाही. सोमवारपासून डबा आठवड्याला चार दिवस होईल. चारच. नाचण्यासारखं काही नाही, पण दिवसाआडपेक्षा बरं.

हे ताईला सांगावंसं वाटलं. कौतुक करेल म्हणून नाही. खरं तर म्हणूनच.

२० मार्च

काय आणि कसं लिहू.

सायकलकाकांच्या घरून फोन आला, हवेच्या गादीचा पंप बंद पडलाय, पेशंटच्या पाठीला त्रास होतोय. काका डबे घेऊन गेलेले. म्हटलं, दुसरा पंप मीच नेऊन देते, काकींचीही विचारपूस होईल.

दार काकींनीच उघडलं. चांगल्या ठणठणीत. मला बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

आतल्या खोलीत, खिडकीशी, हिरवी कॉट. कॉटवर ताई.

केस कापलेले. मानेला पट्टा. पायावर चादर, आणि चादरीखाली पाय इतके स्थिर की मला आधी तेच दिसले. बाजूला चाकाची खुर्ची. मी पंप हातात धरून उभी.

"ये," ताई म्हणाली. "डिपॉझिट भरलंय हं. पूर्ण. तुझी पावती आहे माझ्याकडे."

मी जमिनीवर बसले. खुर्ची होती, स्टूल होतं, तरी जमिनीवर. रडले. काकी पाणी घेऊन आल्या आणि दारातूनच परत गेल्या.

पाठीच्या कण्यात गाठ होती. वर्षभर पायांतला जोर जात होता. आधी चप्पल सुटायची, मग जिना गेला, मग तोल. दोन तारखेला निरोप पाठवला तो दवाखान्यातून, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. गाठ निघाली, साधी निघाली. पाय परत येतील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. स्वतःच्या घराला तीन जिने, म्हणून काकांचा तळमजला.

"मला का नाही सांगितलंस? मी कोणी परकी आहे?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? माझ्या उशाशी बसली असतीस. आईच्या वेळी बसलीस तशी. संस्था कोणी सांभाळली असती?"

"संस्था गेली खड्ड्यात."

"तेच. खड्ड्यात जायला नको होती. पेटीचं मला कळत नव्हतं असं वाटतं तुला? कळत होतं. पण समोर भुकेलं माणूस दिसलं की माझा हात पेटीत जायचा. मला कोणीतरी हात धरणारं हवं होतं. दया दाखवणारं नको होतं." मग म्हणाली, "तू बोललीस ते मात्र लागलं गं."

मी माफी मागितली. नीट, शब्दात. आमच्या घरात अशी माफी कधी कोणी मागितली नव्हती, त्यामुळे दोघींनाही पुढे काय करायचं कळेना. ताईनेच विचारलं, घड्याळवाले आजोबा कसे आहेत. काकांनी तिला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले.

निघताना म्हणाली, "हे बघ, नाहीच उठले यावरून, तर ते डिपॉझिट..."

"एक शब्द बोलू नकोस," मी म्हटलं. "मी घेणार नाही. स्वतः यायचं आणि परत घेऊन जायचं. नियम आहे."

पंप बसवला. दांडा दोन हातांनी फिरवून पाठ उचलून दिली. आई याच कॉटवर अशीच "अजून थोडं" म्हणायची. आई यावरून उठली नाही.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं," म्हणाले. "दिसत होतं. दोनदा सांगायला गेलो तुला."

२१ मार्च

दिवसभर मागची पानं वाचली. चाकं तपासतेय. जिना चढायचा कंटाळा. नाटकी थांबायची काय गरज होती. माझ्याच अक्षरात.

७ एप्रिल

रोज दुपारी ताईकडे. व्यायाम शिकवणारी मुलगी येते, पायाचा अंगठा हलवायला सांगते. ताई घामाघूम होते, अंगठा ढिम्म हलत नाही. आज मुलगी गेल्यावर ताई म्हणाली, "छोटे, मला भीती वाटते." विनोद नाही, काही नाही. तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. तिचा पाय मांडीवर घेऊन बसून राहिले.

१५ एप्रिल

उजवा अंगठा हलला. मुलगी म्हणते हलला. ताई म्हणते हलला. मला दिसला नाही, पण मी हो म्हटलं.

१२ मे

सकाळी टेबलाशी होते. बाहेर हातगाडीचा आवाज. हातगाडीवर हिरवी कॉट, पुढे सायकलकाका, मागे टॅक्सीवाला. आणि त्यांच्या मागून चाकाच्या खुर्चीत ताई, चाकं स्वतःच्या हातांनी फिरवत. काकींना खुर्चीला हात लावू देत नव्हती.

उजवा पाय आलाय. डावा नाही, आणि डॉक्टर आता म्हणतात, त्याची आशा धरू नका. पण ती साध्या पलंगावरून आपली आपण खुर्चीत बसते, खुर्चीतून पलंगावर जाते. कॉट लागत नाही.

"कॉट परत आणलीय," ती टेबलाशी येऊन म्हणाली. काकू हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. "आणि गादी. डिपॉझिट द्या."

"खुर्चीचं?"

"खुर्ची राहणार माझ्याकडे. कायमची. तिचं असू दे."

तिने ते अगदी साधेपणाने म्हटलं. मी कपाट उघडलं. कॉट आणि गादीचे पैसे मी बँकेतून काढून वेगळ्या पाकिटात तयार ठेवले होते, वर माझ्याच अक्षरात सव्वीस फेब्रुवारीची तारीख. तिच्यापुढे ठेवले.

डब्याची पेटी टेबलावरच होती, उघडी. आज महिन्याची बारा तारीख, आणि पेटीत काय असतं ते ताईइतकं कोणाला ठाऊक! काकू पेटीकडे बघत होत्या, काकाही. मला वाटलं, आता तिचा हात तिकडे जाणार, आणि मी थांबवणार की नाही ते मलाच ठाऊक नव्हतं.

ताईने पैसे मोजले. बोटाला थुंकी लावून, सावकाश, सगळ्यांच्या देखत. मग पर्स उघडली, आत ठेवले, चेन लावली.

"बरोबर आहेत," म्हणाली. "सही कुठे करू?"

त्यातला एक पैसाही तिने संस्थेला ठेवला नाही. मी तिला सहीची जागा दाखवली आणि कॉट पुसायला फिनेल आणायला आत गेले, कारण बाहेर थांबले असते तर सगळ्यांपुढे रडले असते.

काकांनी आणि मी आईची कॉट गोदामात उभी केली. दांडा अजून जाम आहे. उद्या तेल घालायला हवं.